थारच्या वाळूत घराचा पाया घालताय? या चुका टाळा

आपल्याकडचा इंजिनियर जैसलमेर-बाडमेरकडे कामाला गेला की आधी उन्हाची धास्ती घेतो. ती खोटी नाही. फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअसची नोंद झाली होती. पण ऊन समोर दिसतं, म्हणून त्याचा बंदोबस्त तरी होतो. काम संध्याकाळी धरतात, पाण्यात बर्फ टाकतात, वर गोणपाट पसरतात. पश्चिम राजस्थानात बिघडलेले जे पाये मी पाहिले, त्यांतल्या बहुतेकांचं दुखणं मिठाचं होतं आणि नको तिथे मुरलेल्या पाण्याचं. त्यामुळे खालच्या यादीत उन्हाचा नंबर मुद्दाम नंतर लावला आहे.

मुरूम लागेपर्यंत खोदायची सवय

आपल्याकडे काळी माती काढायची, मुरूम लागला की पीसीसी (बिनसळईच्या काँक्रीटचा तळथर) टाकायची, हे डोळे मिटून चालतं. थारमध्ये कित्येक ठिकाणी दोन मीटर खोदा नाहीतर चार मीटर, खाली तीच बारीक, एकसारख्या दाण्याची, वाऱ्याने आणून टाकलेली वाळू असते. मुरूम काही येत नाही. मग दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर माणूस उगाच खोल जातो आणि कोरडी वाळू बाजूने ढासळत राहते. नाहीतर "जमीन कडक आहे" म्हणून अर्ध्या मीटरवरच थांबतो.

हा कडकपणा फसवा असतो. दाण्यांना जिप्समने, चुन्याने किंवा मिठाने एकमेकांशी चिकटवलेलं असतं. कोरडं आहे तोवर कुदळ उडते, आणि पहिल्यांदा पुरेसं पाणी मुरलं की ती चिकट विरघळते. वाळूचा सांगाडा एकदम बसतो आणि त्यावरचं फुटिंगही (कॉलमखालचं पसरट काँक्रीट) बसतं. म्हणून तिथे खड्डा तपासताना तळात दोन-तीन बादल्या पाणी ओतून बघावं. अर्ध्या तासाने सळईचा तुकडा हाताने सहज आत जात असेल, तर ती जमीन जशी आहे तशी वापरायची नाही. ही काही प्रयोगशाळेची चाचणी नव्हे. पण माती परीक्षण करायचं की नाही, हा वाद तिथल्या तिथे मिटतो.

उपाय साधा आहे, पण कंटाळवाणा. फुटिंगखालची वाळू उकरायची, पाणी मारत दीड-दोनशे मिलिमीटरच्या थरांत परत भरायची आणि प्लेट व्हायब्रेटरने बसवायची. धुम्मस इथे कामाची नाही. कोरड्या बारीक वाळूवर धुम्मस मारली की वाळू फक्त बाजूला सरकते.

टेकडीच्या वाऱ्याकडच्या उतारावर घर असेल तर आणखी एक बघा. आंधीच्या दिवसांत पायाजवळची वाळू उडून जाते आणि पाया उघडा पडतो. प्लिंथभोवती (जोत्याभोवती) दगडी फरसबंदी आधीच धरून ठेवा.

"पानी थोड़ा खारा है साहब, चलेगा"

हे वाक्य प्रत्येक साइटवर ऐकू येतं. खरं तर नाही चालत.

आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत हवं आणि सल्फेट ४०० च्या आत. बिनसळईच्या काँक्रीटला क्लोराइडची मर्यादा २००० आहे. जिभेला खारटपणा साधारण २५० च्या आसपास कळायला लागतो, पण ५०० आणि १५०० यांतला फरक जिभेला कळत नाही. चाखून पाणी पास करणारा मुकादम कितीही जुना असला तरी त्याच्यावर विसंबू नका. हातातला टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजणारा) क्लोराइड वेगळं दाखवत नाही, पण आकडा तीन हजारांच्या वर गेला तर पुढची तपासणी करायचीही गरज नाही. ते पाणी बादच.

आता हिशेब बघा. एका मजल्याचं छोटं घर, नऊ फुटिंगं, प्रत्येक १.२ मीटर बाय १.२ मीटर, जाडी ४० सेंटिमीटर. सगळं मिळून काँक्रीट होतं सव्वापाच घनमीटरच्या आत. घनमीटरला १८० लिटर पाणी धरलं तरी कालवायला साडेनऊशे लिटरच्या आसपास लागतं. म्हणजे पाच हजार लिटरच्या गोड्या पाण्याच्या टँकरचा पाचवा हिस्सा! एवढ्यासाठी बोअरवेलचं खारं पाणी मिक्सरमध्ये ओतून आयुष्यभराचा गंज घरात घेण्यात काय शहाणपण आहे, मला आजवर कळलेलं नाही.

बहुतेक जण कालवायला गोडं पाणी आणतात आणि क्युरिंगला, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवायला, खारं मारतात. ही चूक जास्त वाईट. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, आणि रोज दोन वेळा पाणी मारलं की रोज दोन वेळा मिठाचा हात बसतो. अशा कॉलमकडे दोन-तीन वर्षांनी बघा. जमिनीपासून घोट्याएवढ्या उंचीवर पांढरी रेघ असते, तिच्या वरच्या अंगाला प्लास्टर फुगलेलं. नखाने खरवडलं तर पापुद्रा निघतो, त्याच्या आतल्या बाजूला तांबूस डाग. हातोडीने हलकं ठोका: खाली बद्द आवाज येतो, वर टणक येतो. बद्द आवाज येतो तिथे गंजाने फुगलेल्या सळईने कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) आधीच ढकलून सोडवलेलं असतं.

जमिनीतलं मीठ आणि सिमेंटची निवड

देशातलं बहुतेक जिप्सम राजस्थानातून निघतं. बिकानेर, नागौर, बाडमेर, जैसलमेर, हनुमानगड, सगळीकडे ते जमिनीत आहे. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. ओल मिळाली की सल्फेट काँक्रीटमध्ये शिरतं, सिमेंटमधल्या अॅल्युमिनेटशी त्याची क्रिया होते, तयार होणारा पदार्थ जास्त जागा मागतो आणि काँक्रीट आतून फुगून भुसभुशीत होतं.

म्हणून सल्फेट रेझिस्टिंग सिमेंट आणायचं, इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. खरी अडचण पुढे आहे. जिथे सल्फेटबरोबर क्लोराइडही भरपूर आहे, तिथे हे सिमेंट उलटं पडतं. त्यात सी-थ्री-ए नावाचा घटक (वर आलेलं अॅल्युमिनेट) मुद्दाम कमी ठेवलेला असतो, आणि क्लोराइडला पकडून ठेवायला तोच लागतो. तो नसला की क्लोराइड मोकळं सळईपर्यंत पोहोचतं. आयएस ४५६ अशा जमिनीसाठी ५ ते ८ टक्के सी-थ्री-ए असलेलं साधं सिमेंट किंवा ५० टक्क्यांहून जास्त स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) असलेलं सिमेंट सुचवतं. बाडमेरकडच्या पचपदऱ्याला पिढ्यान्पिढ्या मीठ पिकवलं गेलं आणि आता तिथेच रिफायनरी उभी आहे. तिच्या निमित्ताने महाराष्ट्रातून जे तिकडे गेलेत, त्यांनी घर बांधताना नुसत्या सल्फेटच्या रिपोर्टवर सिमेंट ठरवू नये. मातीचे दोन्ही आकडे मागावेत.

सिमेंट कुठलंही असो, काँक्रीट घट्ट नसेल तर उपयोग नाही. मातीत सल्फेट एक ते दोन टक्के असेल तर पाणी-सिमेंट गुणोत्तर (पाण्याचं वजन भागिले सिमेंटचं) ०.४५ च्या वर जाऊ देत नाहीत. फुटिंगला कव्हर किमान ५० मिलिमीटर. आणि ते विटेच्या तुकड्यांवर नव्हे, त्याच काँक्रीटच्या कव्हर ब्लॉकवर. वीट खालचं खारं पाणी शोषून थेट सळईला नेऊन देते. पीसीसीच्या खाली जाड पॉलिथिन अंथरलं तर दोन कामं होतात: तापलेली कोरडी वाळू काँक्रीटचं पाणी पीत नाही आणि पुढे खालून मीठ चढायला अडसर होतो.

वाळूही तपासा. अंगणातली टेकडीची वाळू फुकट आहे म्हणून वापरायचा मोह होतो, पण ती इतकी बारीक असते की काँक्रीटला पाणी फार मागते. नदीची बजरी महाग आहे हे खरं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानात नदीपात्रातल्या उपशावर रोख लावल्यावर भाव कसे चढले, हे तिथे बांधकाम केलेल्या कुणालाही विचारा. बजरी मिळत नसेल तर दगड दळून केलेली वाळू घ्या.

उन्हात ओतताना

आयएस ७८६१ (उन्हाळ्यातल्या काँक्रीटचं मानक) प्रमाणे ओतताना काँक्रीटचं तापमान ४० अंशांच्या आत हवं. हवेचं नव्हे, काँक्रीटचं. साधा दांड्याचा थर्मामीटर पाटीत खुपसून बघता येतं, पण बघत कोणी नाही.

काँक्रीट एक अंशाने उतरवायचं तर खडी-वाळू साधारण दोन अंशांनी थंड करावी लागते, पाणी चार अंशांनी, सिमेंट आठ अंशांनी. म्हणजे खडीच्या ढिगावर सावली धरणं हा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि तोच राहून जातो. काळी प्लास्टिकची टाकी दिवसभर उन्हात ठेवून संध्याकाळी त्या पाण्यात काँक्रीट कालवणारे पाहिलेत. टाकीला चुना फासा, ओलं गोणपाट गुंडाळा. बर्फाची लादी टाकायची तर टाकीत टाका, मिक्सरमध्ये अख्खे तुकडे नकोत. ते वितळले की तिथे पोकळी राहते.

ओतायची वेळ संध्याकाळची. पहाटे सुरू केलेलं काम नाश्त्यापर्यंत बरं वाटतं, पण काँक्रीट घट्ट व्हायच्या ऐन वेळेला सूर्य डोक्यावर असतो आणि लू (गरम वारा) सुटलेली असते. संध्याकाळी ओतलं तर पहिली अख्खी रात्र मिळते. ओतण्याआधी सळई आणि शटरिंगवर गोडं पाणी फवारा. दुपारभर तापलेल्या सळईला हात लावून बघा, म्हणजे का ते कळेल.

सगळ्यात घातक माणूस म्हणजे मिक्सरजवळ बादली घेऊन उभा असलेला. माल लवकर घट्ट होतो, गवंडी ओरडतो, हा अर्धी बादली ओततो. पन्नास किलोच्या गोणीला ०.४५ प्रमाणे साडेबावीस लिटर पाणी बसतं. वरून साडेसात लिटर पडलं की गुणोत्तर थेट ०.६०. मिठापासून वाचायला जे घट्ट काँक्रीट ठरवलं होतं, ते त्या अर्ध्या बादलीत गेलं. माल ढिला हवा असेल तर सुपरप्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल ढिला करणारं रसायन) वापरा आणि घट्ट व्हायला उशीर लावणारं रसायन आधीपासूनच ठरवा.

हिवाळ्यात मात्र तेच उशीर लावणारं रसायन डोळे मिटून वापरू नका. चुरूसारख्या ठिकाणी पारा शून्याखाली जातो. डिसेंबरच्या रात्री ओतलेलं काँक्रीट सकाळी बोटाने दबत असेल तर दोष सिमेंटचा नाही.

क्युरिंग

उष्ण-कोरड्या हवेत किमान १० दिवस, आणि फ्लाय अॅश किंवा स्लॅगचं सिमेंट असेल तर १४. दिवसातून दोनदा पाइप मारणं म्हणजे क्युरिंग नव्हे. तिकडच्या हवेत ते तासाभरात सुकतं, आणि ओलं-कोरडं होत राहणं काही वेळा नुसत्या कोरड्यापेक्षा वाईट. गोणपाट, त्यावर पॉलिथिन, कडा वाळूने दाबलेल्या. पाणीही कमी लागतं. क्युरिंग कंपाऊंड मारायचं असेल तर आधी विचार करा: पुढे बिटुमेनचा (डांबराचा) हात द्यायचा आहे ना? कंपाऊंडवर तो नीट धरत नाही. क्युरिंग संपवा, पृष्ठभाग सुकू द्या, बिटुमेनचे दोन हात द्या आणि मगच भराव टाका.

पैसे संपले म्हणून कॉलमच्या सळया वर काढून वर्ष-दोन वर्षं काम थांबवणं तिकडे सर्रास चालतं. खाऱ्या वाऱ्यात त्या सळयांचं बुड, जिथे त्या काँक्रीटमधून बाहेर येतात, आधी खाल्लं जातं. थांबायचंच असेल तर सळयांना सिमेंटची स्लरी देऊन कच्च्या (कमी सिमेंटच्या) काँक्रीटमध्ये झाकून टाका. पुढे फोडायला सोपं जातं.

शोषखड्डा कुठे आहे?

वाळवंटात पाणी कुठून येणार, असं वाटतं. ऑगस्ट २००६ मध्ये बाडमेर जिल्ह्यात थोड्या दिवसांत वर्षभराच्या सरासरीहून जास्त पाऊस पडला. कवास गावात जमिनीखालच्या जिप्समच्या थरामुळे ते पाणी मुरेना आणि कित्येक महिने तसंच साचून राहिलं. जैसलमेरच्या किल्ल्याचं उदाहरण तर रोजच्या पाण्याचं. ११५६ साली वसवलेल्या त्या गडावर शतकानुशतकं पाणी खालून डोक्यावरून यायचं. नळ आले, हॉटेलं झाली, सांडपाणी डोंगरात मुरायला लागलं आणि बुरूज ढासळायला लागले.

तुमच्या घरी हेच काम शोषखड्डा, गळकं टाकं किंवा न्हाणीघराचा फुटका पाइप करतो. शोषखड्डा पायापासून जमेल तितका लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला ठेवा.

तडा गेलाच असेल तर

ओतल्यानंतर पहिल्या दोन-चार तासांत वर बारीक, वेड्यावाकड्या भेगा दिसल्या तर त्या पाणी वेगाने उडाल्याच्या. माल अजून मऊ असेल तर परत थापी मारून त्या बंद होतात. घट्ट झाल्यावर वरून सिमेंटचं पाणी फिरवणं म्हणजे फक्त रंगकाम.

भिंतीत तिरका तडा खिडकीच्या कोपऱ्यातून वर गेलेला असेल तर पाया बसतोय. लगेच बुजवू नका. तड्यावर आडवी काचेची पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा, तारीख लिहा. काच फुटली तर हालचाल चालू आहे. आधी पाण्याचा उगम शोधून बंद करा. त्यानंतर कित्येकदा बसणं आपोआप थांबतं.

गंजाने कव्हर फुटलं असेल तर फक्त पोकळ भाग काढून नवं मॉर्टर लावलं जातं आणि वर्ष-दोन वर्षांत शेजारचा भाग फुटतो. कारण शेजारी मीठ तसंच असतं आणि नव्या तुकड्यामुळे गंज तिकडे सरकतो. टणक काँक्रीट लागेपर्यंत फोडा, सळईच्या मागेही बोट जाईल इतकं उकरा, सळई चकचकीत घासा, मग पॉलिमर मॉर्टर भरा.

फुटिंगच्या खाली नवा आधार द्यायची वेळ आली तर एका वेळी मीटर-सव्वा मीटरचाच तुकडा, एकाआड एक, आणि बाजूला फळ्यांचा आधार लावूनच. कोरडी वाळू उभी राहत नाही, आवाज न करता येते. फळ्या लागेपर्यंत खड्ड्यात माणूस उतरवू नका.