रिकाम्या वाटणाऱ्या जागेत लोक नेमकं काय करतात ते बघायचं कसं

बंद शटरपुढच्या पायऱ्या, फ्लायओव्हरखालचा तुकडा, बसस्टॉपमागची बुटकी भिंत, म्हणजे मुद्दाम बसायला म्हणून कोणी बांधल्या नाहीत अशा जागा, त्याच बघायला सगळ्यात भारी. पण एक चक्कर मारून चार फोटो काढले की झालं, असं नाही ते.

एकच जागा धरा आणि छोटी धरा, मोठा चौक घेतलात तर नुसती गर्दी दिसेल. कागदावर कच्चा नकाशा काढा, भिंत, खांब, सावली कुठे पडते वगैरे, आणि दर पंधरा मिनिटांनी कोण कुठे बसलंय, उभं आहे, काय करतंय ते खुणांनी मांडत जा. सकाळी, भर दुपारी, रात्री आणि रविवारी पण, कारण तीच पायरी सकाळी कामाची वाट बघणाऱ्यांची, दुपारी डुलकी काढणाऱ्यांची आणि संध्याकाळी कॉलेजच्या पोरांची असते आणि त्यातल्या कोणाला बाकीच्यांचा पत्ताही नसतो.

शहरातल्या जागांचा अभ्यास करणाऱ्या विल्यम व्हाइट या अमेरिकी लेखकाने १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये कॅमेरे लावून हेच केलं. तिथे १९६१ च्या नियमाने प्लाझा, म्हणजे इमारतीपुढे लोकांसाठी मोकळी जागा, सोडला की बिल्डरला जादा बांधकाम मिळायचं, मग प्लाझे भरपूर झाले पण बरेचसे ओस. त्याला दिसलं की लोक बसतात कुठे, तर जिथे टेकायला काही आहे तिथे (हसू नका), गप्पा मारायला थांबतात ते ऐन वाटेत, आणि सुटी खुर्ची असली तर बसण्याआधी उगाचच जरा सरकवतात. त्या सरकवण्यात सगळं आलं, जागा आपली झाली! १९७५ मध्ये शहराने प्लाझात बसायची सोय सक्तीची केली.

माणसं नसतील तेव्हाही जा. कठड्याची कुठली कडा घासून गुळगुळीत झालीय, गवतात पायवाट कुठून पडलीय. भिंतीच्या फटीत घडी करून खोचलेला पुठ्ठा दिसला तर समजा इथे कोणीतरी रोज बसतं, आणि तो पुठ्ठा उद्या तिथेच सापडेल असा त्याला भरवसा आहे.

कोण नाहीये तेही लिहा. बायका एकट्या टेकतात का, किती वाजल्यापासून दिसेनाशा होतात, तेव्हा दिवा कुठला बंद असतो.

बोलायचं सगळ्यात शेवटी. 'ही जागा तुमच्यासाठी काय आहे' असलं विचारलंत तर भाषण ऐकायला मिळेल, त्यापेक्षा 'तुमच्या नेहमीच्या जागेवर दुसरंच कोणी बसलेलं असलं तर काय करता?' हे विचारा, लोक खुलतात.

आणि फोटो विचारूनच काढा. तिथे झोपणारे, विकणारे तुमच्या एका पोस्टमुळे उठवले जाऊ शकतात, त्यामुळे चेहरे आणि लोकेशन टाकू नका.