सनस्क्रीनची घरगुती परीक्षा

टॉनिक वॉटरमधलं क्विनीन अतिनील प्रकाशात निळसर चमकतं. त्याच्याच जोरावर दोन-तीन सनस्क्रीनची घरी तुलना करता येते. ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च घ्या. स्वस्तातले जांभळे टॉर्च बहुधा ३९५ चे असतात. तिथे चांगलं सनस्क्रीनही नापास दिसतं.

डबे झाकायच्या पारदर्शक फिल्मवर ५ बाय ५ सेंटीमीटरचे चौकोन आखा. एक कोरा ठेवा, बाकीच्यांवर सुईविना बारीक सिरिंजने प्रत्येकी ०.०५ मिली क्रीम घालून बोटाने सारखं पसरा. एसपीएफच्या (डबीवर ३०, ५० असा लिहिलेला संरक्षणाचा आकडा) अधिकृत चाचणीत साधारण एवढाच थर असतो, दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम. (आपण चेहऱ्याला लावतो त्याहून बराच जाड!) पंधरा मिनिटं वाळू द्या. मग अंधाऱ्या खोलीत काचेच्या पेल्यातल्या टॉनिक वॉटरवर एकेक चौकोन धरून वरून टॉर्च मारा. टॉर्चकडे थेट बघू नका. कोऱ्या फिल्मखाली पेला निळा उजळतो. चांगल्या सनस्क्रीनखाली जेमतेम.

मात्र ही परीक्षा यूव्हीएची, म्हणजे लांब लहरींच्या अतिनील किरणांची. एसपीएफचा आकडा मुख्यतः यूव्हीबीचा, म्हणजे आखूड लहरींच्या अतिनील किरणांचा, त्यामुळे इथे ५० वालं ३० वाल्यापुढे हरलं तर चक्रावू नका. यूव्हीएपासूनचं संरक्षण बघायला डबीवरची ‘पीए’पुढची अधिकचिन्हं (+) मोजा.