कॉपीराइटच्या फॉर्ममध्ये आलेली ट्रेडमार्कची तक्रार

लोक जिथे फाइली अपलोड करतात अशा साइटवर मी आलेल्या तक्रारी बघते. मागच्या आठवड्यात टीममधला नवीन मुलगा म्हणाला, ताई, तक्रार आली की फाइल काढायची, यात शिकायचं काय एवढं? मला पटकन उत्तर देता आलं नाही, कारण साडेचार वर्षांपूर्वी मीही हेच म्हणायचे आणि त्यातून जे झालं ते अजून डोक्यातून जात नाही. म्हणून लिहितेय. टेकडाउन म्हणजे तक्रारीवरून फाइल उतरवणं, सेफ हार्बर म्हणजे लोकांनी टाकलेल्या मजकुरासाठी साइटला मिळणारं कायद्याचं संरक्षण, आणि ते देणारं आयटी कायद्याचं कलम ७९, एवढं धरून चालते.

जॉइन होऊन तिसरा महिना होता, दोनशेच्या वर तिकिटं, म्हणजे तक्रारींच्या नोंदी, पेंडिंग. एका कोचिंग क्लासची तक्रार आली, वकिलाचं लेटरहेड, कडक भाषा, 'आमच्या नावाच्या कॉपीराइटचा भंग'. कॉपीराइटच्या फॉर्मातूनच आली होती आणि खाली ट्रेडमार्कचा एक नंबरही होता. फाइल होती एका सरांच्या फिजिक्सच्या नोट्सची. क्लासच्या टेस्ट पेपरमधले प्रश्न त्यांनी उतरवलेही नव्हते, नुसता प्रश्न क्रमांक आणि खाली स्वतः सोडवलेली रीत, फक्त फाइलच्या नावात क्लासचं नाव होतं. मी फाइल उघडलीच नाही. डिलीट केली. आमच्या सिस्टिममध्ये डिलीट केलं की त्या फाइलचा हॅश (मजकुरावरून निघणारा तिचा ओळख-क्रमांक) ब्लॉकलिस्टला जायचा, म्हणजे तीच फाइल पुन्हा कोणी टाकूच शकणार नाही, आणि ७ दिवसांनी बॅकअपमधूनही साफ. अकराव्या दिवशी सरांचा मेल आला. लॅपटॉप बिघडलेला, नोट्सची एकच कॉपी उरली होती, ती आमच्याकडे. मी स्टोरेजवाल्यांच्या मागे दोन दिवस लागले, काही मिळालं नाही.

आता चूक नेमकी कुठे झाली ते नीट सांगते, थोडं लांबेल पण वाचा. नावाला कॉपीराइट नसतो. क्लासचं नाव, ब्रँडचं नाव, एखादी छोटी टॅगलाइन, हे ट्रेडमार्कचं खातं, १९९९चा कायदा. कॉपीराइट, १९५७चा कायदा, तो लिहिलेल्या मजकुराला, चित्राला, गाण्याला, सॉफ्टवेअरच्या कोडला. (लोगो मात्र चित्र म्हणून कॉपीराइटमध्येही बसू शकतो, तिथे घाई नको.) त्यामुळे तक्रार उघडली की फॉर्मचं हेडिंग बघूच नका, स्वतःला विचारा की यांची नेमकी कोणती वस्तू उचलली गेलीय? उत्तर 'आमचं नाव' असेल तर तो कॉपीराइटचा दावा नाही, वकिलाने काहीही लिहिलेलं असो. लोक कॉपीराइटचाच फॉर्म का भरतात तर तिथे फाइल लवकर उतरते हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. एकाच पत्रात दोन्ही दावे असतील तर तिकीट दोन करा. हो, दोन, मॅनेजर तिकिटांच्या काउंटवरून बोलला तरी.

ट्रेडमार्कच्या तिकिटावर आधी ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या पब्लिक सर्चमध्ये नंबर टाका. माझ्या केसमध्ये तो नुसता अर्जाचा नंबर निघाला, स्टेटस 'ऑब्जेक्टेड', म्हणजे रजिस्ट्रीनेच हरकत घेतलेली. नावापुढे टीएम कोणीही लावू शकतं, गोलातला आर फक्त रजिस्टर झालेल्यांना. मग ट्रेडमार्कचा क्लास बघा, म्हणजे मार्क कोणत्या प्रकारच्या मालासाठी किंवा सेवेसाठी घेतलाय तो वर्ग, एकूण ४५ आहेत, शिक्षण ४१ मध्ये येतं, कपड्यांसाठी घेतलेला मार्क दाखवून कोणी नोट्स काढायला सांगत असेल तर थांबा. आणि मग फाइल उघडून बघा की ते नाव फाइल कशाबद्दल आहे एवढं सांगायला वापरलंय, की माल त्यांचाच आहे असं भासवायला. सरांनी पहिलं केलं होतं. दुसरं म्हणजे बँकेच्या नावाने बनवलेली खोटी एपीके (अँड्रॉइड ॲपची फाइल), तिथे एक मिनिटही घालवू नका, लगेच बंद करा, लोकांचे पैसे जातात.

खरा कॉपीराइटचा दावा असेल तर काम उलट सोपं आहे, घाबरू नका. कॉपीराइट कायद्याचं कलम ५२(१)(ग) आणि २०१३च्या कॉपीराइट नियमांमधला नियम ७५, दोन्ही मूळात वाचा, मिळून दोन पानंही नाहीत. तक्रारीत कृती कोणती, मालकी कशी, फाइल नेमकी कुठे आणि २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणून देऊ अशी हमी लागते. पटलं तर ३६ तासांत ॲक्सेस बंद. ॲक्सेस बंद, डिलीट नाही! २१ दिवसांत आदेश आला नाही तर तुम्ही फाइल परत चालू करू शकता, आणि जी तुम्ही पुसलीच ती परत कुठून चालू करणार. 'आमचा सगळा कंटेंट तुमच्याकडे आहे' असं मोघम पत्र आलं तर फाइलवार लिंक मागा. डिसेंबर २०१६ मध्ये दिल्ली हायकोर्टाने मायस्पेस या सोशल साइटच्या केसमध्ये हेच धरलं, की नेमक्या मजकुराची माहिती द्यायला हवी.

अमेरिकेतून येणाऱ्या डीएमसीए (तिथला कॉपीराइटचा कायदा) नोटिशीचं गणित वेगळं. अपलोडरने काउंटर नोटीस, म्हणजे फाइल काढणं चूक आहे असं उलट पत्र, दिली आणि समोरच्याने कोर्टात केस केली नाही तर कामाचे १० ते १४ दिवस धरून फाइल परत लावायची असते. ट्रेडमार्क त्या कायद्यात येतच नाही, तरी निम्मी ट्रेडमार्कची पत्रं त्याच नावाने येतात. 'पेनल्टी ऑफ पर्जरी' (खोट्या शपथेची शिक्षा) वाचून मी सुरुवातीला दबायचे. ती शपथ फक्त मालकाच्या वतीने बोलायचा अधिकार आहे एवढ्यापुरती असते, अख्ख्या पत्राला नाही.

रेडीमेड उत्तरांचा टेम्प्लेट मला अजिबात आवडत नाही, पहिले सहा महिने तरी हाताने लिहा, लिहिताना कळतं की आपल्याला दावा समजलाच नाहीये. आणि 'उडवून टाक, वाद नको' म्हणणारा सिनियर प्रेमळ असला तरी त्याच्याकडून हे काम शिकू नका. माझा तो सिनियर खरंच चांगला माणूस होता, डबा शेअर करायचा, पण ती डिलीटची सवय मला त्यानेच लावली. मी खरं काम शिकले लीगलमधल्या एका मॅडमकडून, त्या प्रत्येक तिकिटावर एकच विचारायच्या, फाइल उघडलीस का?

चुका होतील, रांग कधीच संपणार नाही, पहिल्या वर्षी रात्री झोपताना तिकिटं दिसतील, ते कमी होतं नंतर. पण न उघडता फाइल पुसू नका, प्लीज.

सरांना मी फोन करून माफी मागितली, हॅश ब्लॉकलिस्टमधून काढून घेतला. पुन्हा टाइप करायला घेतलंय म्हणाले, तेव्हा उष्णतेच्या धड्यापर्यंत आले होते. आता आमच्याकडे डिलीटचं बटण दोघांच्या सहीशिवाय चालत नाही, ते मी भांडून करून घेतलं. तुमच्याकडे नसेल तर पहिल्याच आठवड्यात विचारा.