खत, बियाणं, औषध, पाइप: मोंढ्यातल्या टॅलीत मी घातलेले घोळ

बी.कॉम. झालं, टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा तीन महिन्यांचा कोर्स केला आणि २०१९ च्या उन्हाळ्यात परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, एका कृषी सेवा केंद्रावर कामाला लागले. कोर्समध्ये आम्ही टीव्ही, फ्रीज आणि साबण असे मोजून पाच आयटम बनवले होते. दुकानात पहिल्याच दिवशी मालकांनी जुनी रजिस्टरं टेबलावर आदळली. आठशेच्या वर आयटम होते. "मिरगाच्या आत हे सगळं कंप्युटरात पायजे," एवढं बोलून ते उधारीच्या वह्यांकडं वळले.

अशा दुकानात ऑपरेटर म्हणून नव्यानं लागणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. टॅलीची बटणं कुठंही शिकता येतात. पण एकाच छपराखाली तीन-चार धंदे चालत असतील तर त्यांच्या मालाच्या याद्या वेगळ्या कशा ठेवायच्या, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. याद्या वेगळ्या करायच्या म्हणून मी दिसेल तिथं भिंत घातली आणि पुढची दोन वर्षं त्या भिंती पाडण्यात गेली.

पहिली भिंत सगळ्यात महाग पडली. दुकानाच्या पुढच्या भागात खत, बियाणं, औषध, आणि मागच्या भागात पीव्हीसी पाइप, ठिबकचं सामान, मोटारी. मला वाटलं धंदे दोन, म्हणून टॅलीत कंपन्याही, म्हणजे हिशोबाची खातीपुस्तकंही, दोन केल्या. दोन्हीकडं बिल नंबर १ पासून सुरू. महिन्याचं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीच्या बिलांचं विवरण, भरायची मुदत पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत असते. दहा तारखेला सीएंच्या ऑफिसातून फोन आला: एकाच जीएसटी नंबरावर एक नंबरची दोन बिलं, दोन नंबरची दोन, असं शेवटपर्यंत. नियम असा की एका आर्थिक वर्षात एका जीएसटी नंबराखाली बिलाचा क्रमांक पुन्हा येता कामा नये, आणि तो सोळा अक्षरांपेक्षा लांब नको. त्या रात्री शेवटची एस.टी. हुकली आणि जिंतूरला जाण्याऐवजी मावशीकडं मुक्काम पडला.

म्हणून मालाला हात लावण्याआधी मालकांना एवढंच विचारा, "जीएसटी नंबर किती?" नंबर एक असेल तर टॅलीत कंपनीही एकच. धंदे वेगळे दिसायला हवे असतील तर विक्रीचे व्हाउचर टाइप (बिल नोंदवायचे प्रकार) दोन करा आणि प्रत्येकाला बिलाच्या नंबरापुढं वेगळं आद्याक्षर द्या. पुढं मालकांनी पाइपचा धंदा काकूंच्या नावावर नव्या जीएसटी नंबरानं घेतला, तेव्हा मात्र दुसरी कंपनी करणं भागच होतं. तेव्हापासून इकडची मोटार तिकडं गेली तर रीतसर बिल फाडावं लागतं. "घरचंच तर हाय" हे टॅलीत चालत नाही.

दुसरा घोळ ग्रुपचा. मी स्टॉक ग्रुप, म्हणजे मालाचे गट, बनवले ते उत्पादक कंपन्यांच्या नावानं, कारण खरेदीची बिलं तशी येतात आणि फाइलीही तशाच लावलेल्या असतात. दिसायला फार नीटनेटकं. मग एकदा गुणनियंत्रण निरीक्षक आले आणि सहज म्हणाले, "१०:२६:२६ खताचा एकूण साठा सांगा." तो चार कंपन्यांच्या चार ग्रुपांत विखुरलेला. त्यातही एका ठिकाणी १०:२६:२६, दुसरीकडं १०-२६-२६, आणि माझ्या आधीच्या मुलानं लिहिलेलं 'दहा सव्वीस'. मी कॅल्क्युलेटर घेऊन बेरीज करत बसले, ते फळ्यावरचे आकडे बघत उभे राहिले. खताचा साठा आणि भाव दुकानात दर्शनी लावणं बंधनकारक आहे, आणि माझा फळा टॅलीशी जुळत नव्हता. काउंटरवरचे मामा नंतर म्हणाले, "पोरी, सायबाला खत पायजे, कंपनी कुठं पायजे?"

त्या एका वाक्यावर मी सगळी मांडणी बदलली. माल लावताना तो कुणाचा हे बघायचं नाही, उद्या त्याबद्दल कोण काय विचारणार हे बघायचं. खताचा, बियाण्याचा आणि कीटकनाशकांचा परवाना वेगवेगळा असतो आणि मागचे कायदेही वेगळे: खत नियंत्रण आदेश १९८५, बियाणे नियंत्रण आदेश १९८३, कीटकनाशक कायदा १९६८. तपासणीला येणारा माणूस परवान्याप्रमाणं विचारतो. म्हणून सगळ्यात वरचे ग्रुप परवान्याप्रमाणं. त्यांच्या पोटात खताला ग्रेड, बियाण्याला पीक, औषधाला कीटकनाशक, बुरशीनाशक, तणनाशक. कंपनीचं नाव आयटमच्या नावात शेवटी.

टॅलीत एका आयटमला ग्रुप एकच मिळतो. पण स्टॉक कॅटेगरी नावाची आणखी एक खूणगाठ असते, आणि कोर्समध्ये ती आम्हाला 'ऑप्शनल आहे' म्हणून सोडायला सांगितली होती. फवारणीची औषधं विकणाऱ्या दुकानात ती सोडू नका. इमामेक्टिन बेन्झोएट ५ टक्के एसजी हे एकच औषध कितीतरी व्यापारी नावांनी येतं. शेतकरी व्यापारी नावानं मागतो. ते संपलेलं असलं की मामा विचारतात, "तेच दुसऱ्या कंपनीचं हाय का?" मी कॅटेगरीत तांत्रिक नाव टाकलं, तेव्हापासून या प्रश्नाचं उत्तर एका रिपोर्टवर मिळतं. बियाण्यात कॅटेगरी म्हणजे वाण. एमएयूएस ७१ हे परभणीच्याच विद्यापीठाचं सोयाबीन, बीडीएन ७११ ही बदनापूरच्या केंद्राची तूर. ही अक्षरं कुठून आली ते कळल्यावर माझ्याकडून वाणांची नावं चुकीची टाइप होणं बंद झालं. आधी बीडीएनचं बीएनडी किती वेळा झालं होतं, मोजलं नाही.

आता युनिट. हा भाग कंटाळवाणा आहे, तरी नीट वाचा, कारण माझ्यावर चोरीचा नाही तरी त्याच्या जवळपासचा संशय इथंच आला होता. युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोची आहे. त्याआधी ५० ची होती. जुन्या रजिस्टरात लिहिलेलं '१ टन = २० गोण्या' मी डोळे मिटून उतरवून घेतलं. डीएपीला ते आजही बरोबर आहे, गोणी ५० किलोची आहे. पण युरियाची १८ टनांची गाडी आली, मी बिलावरचे टन टाकले, टॅलीनं ३६० गोण्या धरल्या. गोदामात हमालांनी ४०० उतरवल्या होत्या. माल कमी भरला तर कुणीही ओरडतं, पण चाळीस गोण्या जास्त निघाल्या तर त्या कुठून आल्या हे सांगायची पंचाईत जास्त मोठी. अनुदानाचं खत आधार लावून पॉस मशिनवरून (विक्री नोंदवायच्या यंत्रावरून) विकलं जातं, त्यामुळं मशिन, टॅली आणि गोदाम असे तीन आकडे जुळावे लागतात. माझे तीन ठिकाणी तीन होते. आणि '१ टन = २२.२२ गोण्या' असंही लिहू नका, त्या दशांशांनी वर्षअखेर अर्ध्या-पाव गोण्या शिल्लक दिसतात. पर्यायी युनिटमध्ये दोन्ही बाजूंना आकडा टाकता येतो. '२०० गोण्या = ९ टन' लिहा. हिशोब काट्यावर बसतो.

सोयाबीनच्या पिशव्यांचं वजन तर कंपनीगणिक आणि सालागणिक बदलतं. वजन बदललं की नवीन आयटम करा. जुन्याचंच नाव बदललंत तर मागच्या हंगामाची बिलं पुन्हा छापताना त्यांवरही नवं नाव येतं. एकाच मालाचे दोन आयटम चुकून झाले असतील तर स्टॉक जर्नल या नोंदीनं एकाची शिल्लक दुसऱ्यात वळती करा आणि जुन्याच्या नावापुढं 'बंद' लिहा. ज्याच्यावर बिलं झालीत तो आयटम टॅली पुसू देत नाही, आणि ते बरंच आहे.

लॉट नंबरबद्दल एकच प्रसंग सांगते. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला होता. आमच्या दुकानातही लोक बिल घेऊन आले. पंचनाम्यासाठी बिल, पिशवीचा टॅग आणि लॉट नंबर जुळावा लागतो. लॉट नंबर टॅलीत बॅचच्या रकान्यात भरायचा असतो; पेरणीच्या गर्दीत तिथं मी नुसतं एंटर मारत गेले होते, आणि मग टॅली आपणहून 'प्रायमरी बॅच' असं टाकते. सेलूकडच्या एका काकांच्या बिलावर तेच छापलेलं. त्यांनी टॅग जपून ठेवला होता म्हणून निभावलं. ते मला काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं. तेव्हापासून बियाणं आणि औषध या दोन ग्रुपांत मी बॅच भरल्याशिवाय पुढं जात नाही, मागं रांग कितीही असो.

औषधाला बॅचसोबत मुदतीची तारीखही भरा. मुदत संपलेलं औषध वेगळ्या जागी, विक्रीसाठी नाही अशी पाटी लावून ठेवावं लागतं. टॅलीतही 'मुदतबाह्य' नावाचं वेगळं गोडाऊन करा आणि माल त्यात टाका. नाहीतर रॅकवर नसलेली बाटली स्क्रीनवर दिसते आणि नवा पोरगा गिऱ्हाइकाला हो म्हणून बसतो.

जीएसटीचे दर शक्यतो ग्रुपवर भरा, आयटमवर नको. हे का, ते मला २०२५ च्या घटस्थापनेला, २२ सप्टेंबरला कळलं. त्या दिवसापासून १२ टक्क्यांचा टप्पा गेला. सूक्ष्म अन्नद्रव्यं, जैविक कीटकनाशकं, ठिबक संच १२ वरून ५ वर आले. रासायनिक औषधं १८ वरच, खत ५ वरच राहिलं, पेरणीच्या बियाण्याला कर नव्हताच. बाहेर अतिवृष्टीनं सोयाबीन पाण्यात उभं, दुकानात चिटपाखरू नाही, आणि मी आत दर बदलत बसलेली. सूक्ष्म अन्नद्रव्यांचा ग्रुप वेगळा होता, तिथं एका जागी दर बदलला आणि काम संपलं. पण ट्रायकोडर्मा आणि निंबोळीवर आधारित जैविक औषधं मी रासायनिक बुरशीनाशक-कीटकनाशकांतच घातली होती, कारण एचएसएन, म्हणजे जीएसटीसाठीचा मालाचा कोड, सगळ्यांचा ३८०८. एचएसएन एक असला म्हणून दर एकच असतो असं नाही. त्यामुळं तिथले दर आयटमवर भरलेले, आणि आयटमवरचा दर ग्रुपला जुमानत नाही. एकेक उघडून बदलावा लागला. बदलताना 'लागू दिनांक' टाकायला विसरू नका, नाहीतर ऑगस्टची बिलंही नव्या दरानं दिसायला लागतील.

पगाराची विचारणा होतेच म्हणून सांगते. सुरुवातीला कमीच मिळतो. पण मोंढ्यात ज्याच्या टॅलीचा आणि गोदामाचा आकडा जुळतो त्याला शेजारचा दुकानदार चहाला बोलावतोच. खरं काम मे महिन्यात असतं: फिजिकल स्टॉक मोजणं, बंद आयटम बाजूला काढणं, बॅकअप पेनड्राइव्हवर घेऊन घरी नेणं. जूनमध्ये नवीन मांडणीला हात लावू नका.

एक काम मी उशिरा केलं, तुम्ही पहिल्या महिन्यातच करा. शेतकरी बाटलीचं नाव क्वचितच सांगतो. "ताई, ती हिरव्या बुचाची द्या, मागल्या साली नेलती ती." मामांना ते बरोबर कळतं, टॅलीला नाही. एका पावसाळी दुपारी मामांना शेजारी बसवलं आणि लोक ज्या-ज्या नावानं मागतात ती सगळी नावं त्यांच्याकडून विचारून प्रत्येक आयटमच्या एलियसमध्ये (दुसऱ्या नावाच्या रकान्यात) भरली. आता 'हिरवं बूच' टाइप केलं की ती बाटली समोर येते. म्हणजे यायची. यंदा आणखी एका कंपनीनं बूच हिरवं केलंय, आणि त्यावर काय करायचं हे मामांनाही अजून सुचलेलं नाही.