दुकानात रोज जे बोलता तेच लिहा: छोट्या धंद्यासाठी ब्लॉग कसा चालवायचा

आमचं परळला मिक्सर-ग्राइंडर रिपेअरिंगचं दुकान आहे. दादा मोटर खोलतो आणि मी गल्ला, फोन आणि गेली काही वर्षं दुकानाचा ब्लॉग बघतो. ओळखीतले दुकानवाले, घरून ऑर्डर घेणाऱ्या वहिनी-ताई सगळे एकच विचारतात, की अरे इन्स्टा आहे, व्हॉट्सअ‍ॅप आहे, मग आता हा ब्लॉग कोण वाचतं? प्रत्येकाला वेगवेगळं समजावण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी हे, की ब्लॉग सगळ्यांसाठी नाहीये. वडापावची गाडी असेल तर विसरा, तिथे वास आणि गर्दी हीच जाहिरात. पण ज्या धंद्यात गिऱ्हाईक पैसे द्यायच्या आधी दोन दिवस विचार करतं, चार जणांना विचारतं, त्या धंद्याला लिहिण्याचा फायदा होतो. रिपेअरिंग, शिवलेली नऊवारी, टॅक्सचं काम, केटरिंग, फिजिओ, चष्म्याचं दुकान, क्लासेस, असं सगळं. तिथे माणसाच्या डोक्यात प्रश्न असतो आणि तो प्रश्न तो रात्री अकराला मोबाईलवर टाकतो, तेव्हा तुमचं दुकान बंद असतं.

इन्स्टा बंद करा असं मी अजिबात म्हणत नाही, आमचंही आहे. पण स्टोरी चोवीस तासात गायब, रील दोन-चार दिवस धावते आणि मग कुठे जाते देव जाणे. आणि ती जागा पागडीचीसुद्धा नाही, उद्या मालक म्हणाला निघा तर निघायचं. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली तेव्हा ज्यांचं सगळं तिथेच होतं त्यांचं एका रात्रीत गेलं. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री फेसबुक, इन्स्टा, व्हॉट्सअ‍ॅप तिन्ही काही तास ठप्प होते, ते आठवत असेलच. आणि गूगलच्या बिझनेस प्रोफाइलमध्ये फुकट छोटी वेबसाइट बनवून मिळायची ना, त्या वेबसाइटही गूगलने मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. म्हणून आपलं लिहिलेलं आपल्या नावाच्या पत्त्यावर असलेलं बरं, एवढंच.

काय लिहायचं, इथेच सगळे अडकतात

बहुतेक जण पहिली पोस्ट लिहितात ती "आमच्या फर्मची स्थापना अमुक साली झाली, ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय". हे कोणी वाचत नाही हो, तुम्ही स्वतःसुद्धा वाचणार नाही. दुसरी पोस्ट दिवाळीच्या शुभेच्छा आणि मग ब्लॉग संपला.

त्यापेक्षा गल्ल्याशेजारी एक साधी वही ठेवा आणि गिऱ्हाईक जे विचारतं ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. त्याच्याच शब्दांत हे महत्त्वाचं आहे बरं का. आम्ही दुकानात म्हणतो "कपलर गेलाय", पण गिऱ्हाईक कधीच कपलर म्हणत नाही, बाई येते ती सांगते "मिक्सर फिरतोय पण भांड्यातलं पातं फिरत नाहीये", आणि सर्चमध्येही ती हेच टाकणार. म्हणजे पोस्टचं नाव झालं तयार. कपलर हा शब्द आत पोस्टमध्ये येऊ दे, फोटोसकट, की खाली मशीनवर एक दातेरी तुकडा असतो आणि एक भांड्याच्या बुडाला असतो, त्याचे दाते झिजले की मोटर फिरते पण भांडं फिरत नाही. तसंच "चटणीत काळं काळं येतंय" म्हणजे भांड्याचं बुश (पात्याचा दांडा ज्यात फिरतो तो भाग) गेलंय आणि तिथलं काळं वंगण आत उतरतंय. "नवीन मिक्सरला जळका वास येतो" हा तर दिवाळीनंतरचा ठरलेला फोन, मोटरवरच्या व्हार्निशचा वास पहिल्या काही वेळा येतो, त्यात घाबरण्यासारखं नसतं, पण धूर आला किंवा वास थांबतच नसला तर बंद करून दाखवायला आणा. वहीत महिनाभर लिहा, वर्षाचे विषय निघतील.

आता दादाशी ज्या पोस्टवरून माझं वाजलं ती सांगतो, कारण तुमच्याही घरात वाजणार आहे. विषय होता "मिक्सर अचानक बंद पडला, अजिबात चालू होत नाही". आता बऱ्याच मिक्सरना खाली बुडाला एक छोटं बटण असतं, बहुतेक लाल, लोड जास्त झाला की ते ट्रिप होतं, मोटर वाचावी म्हणून. मी लिहिलं की आधी नॉब शून्यावर आणा, प्लग काढा, भांड्यातलं निम्मं काढून घ्या, दहा-पंधरा मिनिटं मशीन थंड होऊ द्या, मग उलटं करून ते बटण दाबा आणि परत लावून बघा. दादा म्हणाला, "अरे सगळं फुकट सांगितलंस तर माणूस दुकानात येईल कशाला? बटण दाबायला येतात त्यांचे पण आपण पैसे घेत नाही ते सोड, पण निदान दुकान तरी बघून जातात ना." बोलणं चूक नाही त्याचं. पण मी त्या पोस्टमध्ये पुढे लिहिलं होतं की बटण दाबूनही परत परत बंद पडत असेल तर जबरदस्ती करू नका, आत बेअरिंग जाम असू शकतं, वाइंडिंग गरम होत असेल, तेव्हा मात्र आणा, आणि येताना भांडंसुद्धा घेऊन या कारण निम्म्या वेळा दोष भांड्यात असतो. आता लोक येतात ते भांडं घेऊनच येतात आणि काउंटरवर सांगतात "बटण दाबून बघितलं, नाही झालं", म्हणजे दादाचं अर्धं निदान आधीच झालेलं. हल्ली तोच सांगतो, ह्यावर पण लिही म्हणून.

दराचं पण लिहा. मला माहितीये ह्यावर सगळे नाक मुरडतात, समोरच्या दुकानदाराला कळेल म्हणून. त्याला आधीच माहीत असतं हो. माहीत नसतं ते गिऱ्हाइकाला, आणि ते ह्याच भीतीने येत नाही की दुकानात गेलं की कापणार. एकच आकडा लिहायची गरज नाही, "एवढ्यापासून एवढ्यापर्यंत" लिहा आणि कशामुळे वाढतो ते लिहा, कार्बन ब्रश बदलायला कमी, आर्मेचर (मोटरचा आतला फिरणारा भाग) गेलं तर जास्त, आणि कुठल्या वेळी रिपेअर करण्यापेक्षा नवीन घेणं परवडतं हेही लिहा. हे शेवटचं लिहायला जिवावर येतं, पण माझ्या मते सगळ्यात जास्त विश्वास त्याच वाक्यावर बसतो.

लिहिता येत नाही म्हणणाऱ्यांसाठी

गिऱ्हाइकाला जे तोंडाने सांगता तेच फोनला सांगा. जीबोर्ड म्हणजे गूगलच्या कीबोर्डमध्ये मराठी भाषा लावली की माइकचं बटण येतं, बोलत जा, ते टाइप करत जातं. मग घरी जाताना लोकलमध्ये बसायला जागा मिळालीच तर चुका दुरुस्त करा, नाहीतर रात्री जेवण झाल्यावर. ऱ्हस्व-दीर्घाचं टेन्शन घेऊ नका, पण दर, फोन नंबर आणि पार्टचं नाव मात्र दोनदा तपासा. एआयकडून अख्खी पोस्ट लिहून घेणारे पण बघितलेत मी, वाचायला गुळगुळीत असते पण त्यात ना परळ असतं ना तुमचं गिऱ्हाईक, "आजच्या धावपळीच्या युगात मिक्सर हा अविभाज्य घटक" असलं काहीतरी. शुद्धलेखन तपासायला वापरा, वाक्य तुमचंच ठेवा.

अजून एक गोष्ट जी मुंबईत हमखास होते. पॅम्फ्लेट छापताना डीटीपीवाल्याने मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये केलेला असतो, तो तसाच कॉपी करून ब्लॉगवर टाकला की भलतीच अक्षरं दिसतात. मजकूर युनिकोडमध्येच हवा, म्हणजे मोबाईलवर मराठी टाइप केल्यावर येतो तसा. आणि पॅम्फ्लेटचा फोटो टाकून मोकळे होऊ नका, फोटोतला मजकूर सर्चला सापडेलच ह्याचा भरवसा नाही, शिवाय मोबाईलवर बारीक अक्षर म्हाताऱ्या माणसाला वाचता येत नाही ते वेगळंच.

जागा कुठली घ्यायची

ह्यात फार वेळ घालवू नका. ब्लॉगर १९९९ पासून आहे, २००३ मध्ये गूगलने घेतलं, फुकट आहे आणि मोबाईलवरून चालतं, सुरुवातीला एवढं पुरे. सेटिंगमधून अधूनमधून बॅकअप उतरवून ठेवा, कारण तेही शेवटी दुसऱ्याचंच घर. वर्डप्रेसमध्ये गडबड अशी की दोन प्रकार आहेत, एकात ब्लॉग त्यांच्याकडेच राहतो आणि एकात सॉफ्टवेअर फुकट पण होस्टिंग, म्हणजे ब्लॉग ठेवायची इंटरनेटवरची जागा, आपण विकत घ्यायची, कोणी "वर्डप्रेसवर करून देतो" म्हणाला तर यातलं कुठलं ते आधी विचारा.

पैसे घालायचेच तर डोमेनवर, म्हणजे आपल्या नावाच्या वेब-पत्त्यावर घाला, आणि ते तुमच्या ईमेलने, तुमच्या नावावर घ्या. हे दोनदा वाचा. आमच्या ओळखीत एका केटरिंगवाल्या काकूंचं डोमेन वेबसाइट बनवणाऱ्या मुलाने स्वतःच्या ईमेलवर घेतलं, तो नोकरीला लागला, फोन उचलेना, रिन्यूची मेल त्यालाच जात होती, डोमेन सुटलं. काकूंच्या डब्यांवर तो पत्ता अजून छापलेला आहे. पासवर्ड आणि रिन्यूची तारीख त्याच गल्ल्याशेजारच्या वहीत नको, घरी लिहून ठेवा.

पत्ता लिहिण्यात पण अक्कल लागते. मुंबईत पूर्व की पश्चिम हे लिहिलं नाही तर माणूस ब्रिज चढून उतरून वैतागतो. आणि नावं दोन-दोन लिहा. एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं नाव २०१८ मध्ये प्रभादेवी झालं, पण आमची निम्मी गिऱ्हाइकं अजून एल्फिन्स्टनच म्हणतात आणि नवीन पोरं प्रभादेवी म्हणतात, म्हणून आम्ही दोन्ही लिहितो. सप्टेंबर २०२५ मध्ये एल्फिन्स्टनचा पूल पाडण्यासाठी बंद झाला तेव्हा प्रभादेवीकडून गाडीने येणारे लोक फोन करून करून हैराण करत होते, मग मी एक छोटी पोस्ट टाकली, की गाडीने करी रोडच्या पुलावरून किंवा दादरच्या टिळक पुलावरून या, ट्रेनने येत असाल तर असे या, मशीन जड असेल तर खालच्या नाक्यापर्यंत आमचा पोरगा येईल. त्यात मिक्सरची काही माहिती नव्हती, पण फोन कमी झाले.

लिहिलेलं वापरायचं कसं

पोस्ट टाकली आणि गप्प बसलात तर काही होणार नाही, पहिले काही महिने तर सर्चमधून जवळपास कोणी येत नाही, ते धरूनच चला. तोपर्यंत ती पोस्ट तुम्हीच वापरायची. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये क्विक रिप्लाय असतो, तिरकी रेघ टाकून "बटण" लिहिलं की आमच्याकडे चार ओळी आणि पोस्टची लिंक तयार येते, तेच ते परत टाइप करावं लागत नाही. एवढ्यासाठी जरी ब्लॉग केलात तरी वसूल आहे, खरं सांगतो. गूगल बिझनेस प्रोफाइलवरही लिंक द्या.

मग गूगल सर्च कन्सोलला ब्लॉग जोडा, फुकट आहे. त्यात परफॉर्मन्समध्ये दिसतं की लोकांनी काय शब्द टाकले तेव्हा तुमचं पान दिसलं आणि कितींनी उघडलं. रोज उघडून बघू नका, शेअर बाजारासारखं वेड लागतं, महिन्यातून एकदा बघा. तिथे गंमत कळते. आम्हाला वाटायचं लोक कंपनीचं नाव टाकत असतील, तर बरेच जण इंग्रजी अक्षरात मराठी लिहून शोधतात, "mixer cha bhanda galtay" वगैरे. एखादा प्रश्न दिसतोय ज्यावर तुमचं पान येतं पण तुम्ही त्यावर नीट लिहिलेलंच नाही, तर पुढची पोस्ट तीच.

किती लिहायचं? महिन्याला एक-दोन पुरे, पण सीझनच्या आधी. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये लालबागच्या मसाल्याच्या दुकानांत गर्दी असते तेव्हा डंकावर न जाता घरीच मिरची दळणारे मिक्सर जाळून आणतात, तर "मिक्सरमध्ये मिरची दळताना" ही पोस्ट फेब्रुवारीतच गेली पाहिजे, मे महिन्यात टाकून काय उपयोग, तोपर्यंत मोटर गेलेली असते. नऊवारीवाल्यांनी लग्नसराईच्या आधी लिहावं, सहावारीतून नऊवारी शिवून मिळेल का, माप कसं पाठवायचं, किती दिवस आधी साडी द्यायची. टॅक्सवाल्यांनी जुलैची वाट बघू नये.

आणि नवीन लिहायला सुचत नसेल त्या महिन्यात जुन्या पोस्ट उघडा. दर बदललेत का, पार्ट अजून मिळतो का, रविवारी बंद लिहिलंय पण आता अर्धा दिवस उघडं असतं का, बदला आणि वर तारीख टाका. दोन वर्षांपूर्वीचा दर दाखवून भांडणारं गिऱ्हाईक काउंटरवर उभं असताना मागे दादाचं मशीन चालू असतं आणि कोणालाच काही ऐकू येत नाही, ते टाळायचं असेल तर हे काम आधी करा.