एअरसॉफ्ट बंदूक बंद पडली? नवी घेण्याआधी या चुका टाळा

एअरसॉफ्ट म्हणजे नकली बंदुकांनी प्लॅस्टिकच्या गोळ्या झाडत खेळायचा खेळ. रविवारी जेवणानंतरचा डाव सुरू होतो, तुम्ही ट्रिगर ओढता आणि बंदुकीतून नुसती घरघर येते. बीबी, म्हणजे ती प्लॅस्टिकची बारीक गोळी, काही बाहेर पडत नाही. संध्याकाळी घरी परततानाच फोनवर नव्या बंदुकांच्या किमती पाहणं सुरू. इथे ब्रिटनमध्ये खेळताना हे मी कितीदा तरी पाहिलंय, आणि दर वेळी जीव हळहळतो. नेमकं काय बिघडलंय हे कळायच्या आधीच निर्णय झालेला असतो.

माझंच सांगतो. एका दुकानदाराने माझी इलेक्ट्रिक बंदूक हातात घेतली आणि सांगितलं, "गिअरबॉक्स गेला, नवीच घ्या." घरी येऊन वायरिंग तपासलं तर फ्यूज उडालेला होता. तो बदलला. ती बंदूक आजही खेळतेय.

म्हणून आधी आवाज ऐका. अजिबात आवाज नसेल तर बॅटरी, फ्यूज, कनेक्टर किंवा ट्रिगरचे कॉन्टॅक्ट बघा. मोटर मोकळी गरगरतेय पण काहीच उडत नाही, म्हणजे पिनियन (मोटरच्या टोकावरचं दातेरी चाक) सैल झालंय किंवा पिस्टनचे दात गेलेत. मोटर कण्हून थांबते तेव्हा बॅटरी उतरलेली असते किंवा आत काहीतरी अडकलेलं असतं. बीबी उडतेय पण जवळच पडतेय, तर हवा लीक होतेय किंवा हॉप-अपचं, म्हणजे बीबीला फिरकी देऊन लांब नेणाऱ्या भागाचं, रबर फाटलंय. हे रबर अगदी स्वस्तात मिळतं, आणि ते बदललं की मेली म्हणून ठेवून दिलेली बंदूक पुन्हा लांबचा नेम धरते.

दुसरी चूक घाईने स्क्रू काढण्याची. आधी मॅगझिन काढा, सुरक्षित दिशेला एक-दोनदा ट्रिगर ओढून आत अडकलेली बीबी बाहेर काढा, मग बॅटरी काढा. गिअरबॉक्सचे दोन भाग वेगळे करताना आतली स्प्रिंग जोरात उसळते. डोळ्यांवर तोच खेळातला गॉगल चढवा. प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. गिअरखालच्या शिम नावाच्या चकत्या नखाएवढ्याही नसतात. एक जरी कुठे घरंगळली तरी पुढे गिअर एकमेकांना खात राहतात.

आत पाहिल्यावर खरा निर्णय होतो. पिस्टनच्या खालच्या अंगाला कंगव्यासारखी दातांची रांग असते. सेक्टर गिअर त्या दातांना धरून पिस्टन मागे खेचतो, स्प्रिंग दाबली जाते. गिअरने दात सोडले की पिस्टन पुढे झेपावतो आणि त्या हवेने बीबी सुटते. माझ्या एका बंदुकीत ही रांग अर्ध्याहून जास्त गुळगुळीत झाली होती आणि ग्रीसमध्ये प्लॅस्टिकचा काळा चुरा मिसळला होता. एवढंच असेल तर बिनधास्त दुरुस्त करा, पिस्टन महाग नाही. मात्र दात का गेले ते शोधा. मूळ गिअरबॉक्सला ७.४ व्होल्टऐवजी ११.१ व्होल्टची बॅटरी लावली की वेग वाढतो, पिस्टन पूर्ण पुढे यायच्या आत गिअर त्याला पुन्हा पकडतो. कारण तसंच ठेवलं तर नवा पिस्टनही त्याच वाटेने जाईल.

व्हर्जन २ या प्रकारच्या गिअरबॉक्सचं कवच पुढच्या बाजूला, सिलिंडरच्या खिडकीजवळ, तडकतं. नुसतं कवच मिळतं, पण शिमिंग, म्हणजे त्या चकत्या नीट बसवणं, पहिल्यापासून करावं लागतं. कवच, गिअर आणि मोटर तिन्ही गेले असतील, किंवा भाग फक्त त्याच कंपनीच्या मापाचे असून मिळत नसतील, तर मी नवी घ्यायला सांगेन.

गॅसच्या पिस्तुलाबद्दल एकच: थंडीत गॅसचा दाब उतरतो. नोव्हेंबरच्या सकाळी ते अडखळलं म्हणून बिघडलं असं समजू नका. आधी घरात, उबेत चालवून बघा. फुगलेली लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी मात्र चुकूनही चार्ज करू नका, सरळ रिसायकलिंग केंद्रात द्या.

कायद्याकडे दुर्लक्ष ही सर्वांत महागात पडणारी चूक. दुरुस्तीसोबत जास्त ताकदीची स्प्रिंग घालायचा मोह होतो. २०१७ च्या कायद्याप्रमाणे सलग गोळीबार करणाऱ्या एअरसॉफ्ट बंदुकीची मर्यादा १.३ ज्यूल आहे, एकेक बीबी सोडणारीची २.५ ज्यूल. ती ओलांडली की तुमच्या हातात खेळणं नाही, कायद्याच्या नजरेत बेकायदा शस्त्र असू शकतं. काम झालं की क्रोनोग्राफवर, म्हणजे बीबीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, मोजा: ०.२० ग्रॅमच्या बीबीला सेकंदाला ३५० फूट वेग म्हणजे साधारण १.१४ ज्यूल.

नवी घेणंही इथे सरळ नाही. हुबेहूब खरी दिसणारी बंदूक विकताना दुकानदार तुम्ही नियमित खेळता का ते तपासतो. खेळाडू म्हणून नोंदणीसाठी सहसा किमान तीन खेळ लागतात, तेही दोन महिन्यांच्या आत उरकलेले चालत नाहीत. नोंदणी नसेल तर भडक रंगाची मिळते, आणि अशी नोंदणी किंवा तत्सम कायदेशीर कारण नसताना तिला काळा रंग मारून खरी दिसेल अशी करणं गुन्हा आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाला तर विकताच येत नाही. तुमची जुनी, खरी दिसणारी बंदूक दुरुस्त होण्यासारखी असेल तर तिची किंमत बाजारभावापेक्षा जास्त धरा.

दुरुस्तीला नेताना बंद बॅगेतच न्या. सार्वजनिक जागी योग्य कारणाशिवाय नकली बंदूक बाळगणं इथे गुन्हा आहे. आणि नवी घेतलीच, तर जुनीची मोटर, हॉप-अप आणि चालू मॅगझिन सुट्या भागांसाठी काढून ठेवा. उरलेला सांगाडा तसाच कचरापेटीत टाकू नका. वाटेने जाणाऱ्याला तो दिसला तर दारात पोलीस उभे राहतील.