यादी वर न्यायचीय? या चुका टाळा

शुक्रवारी संध्याकाळी आमच्या मोबाइल अ‍ॅपच्या टेस्टरने अंधेरीला विरार लोकल पकडल्या पकडल्या मेसेज टाकला: ‘अरे, फिल्टर काढला की यादी मधूनच सुरू होते. वर जातच नाही.’ माझ्या फोनवर मात्र सगळं सुरळीत. कारण माझ्याकडे चाचणीपुरत्या बारा नोंदी होत्या, तिच्याकडे नऊशे.

यादीला वर पाठवायला कोडची एकच ओळ लागते. चूक बहुतेक वेळा त्या ओळीत नसते, ती कधी चालते यात असते. अँड्रॉइडच्या, नोंदी पडद्यावर मांडणाऱ्या लिस्ट-अ‍ॅडॅप्टरला ‘सबमिट-लिस्ट’ या आज्ञेने नवी यादी दिली की तो जुन्या-नव्यातला फरक मागच्या थ्रेडवर, म्हणजे पडद्याआड समांतर, काढत बसतो. आपण लगेच पुढच्या ओळीत ‘स्क्रोल-टू-पोझिशन शून्य’ (पहिल्या ओळीवर जा) म्हणतो. तोवर पडद्यावर जुनीच यादी असते, ती शहाण्यासारखी वर जाते. मग नव्या नोंदी येतात, त्या जुन्या पहिल्या ओळीच्या डोक्यावर बसतात, आणि रिसायकलर-व्ह्यू (यादी दाखवणारा, सरकणारा भाग) आधी दिसत असलेली ओळ धरून ठेवतो. वापरणाऱ्याला वाटतं यादी हललीच नाही. बारा नोंदींचा फरक पुढच्या फ्रेमच्या, म्हणजे पडदा पुन्हा रंगायच्या, आत निघतो, म्हणून माझ्याकडे दोष दिसायचा नाही.

यावर मी आधी काय केलं, ते सांगायला लाज वाटते: तीनशे मिलिसेकंद थांबून स्क्रोल. जुन्या फोनवर तेही पुरेना. ‘सबमिट-लिस्ट’ला दुसरा पॅरामीटर म्हणून कॉलबॅक, म्हणजे काम झाल्यावर चालणारा कोड, देता येतो; यादी खरोखर बसल्यावरच तो चालतो. स्क्रोलची ओळ तिथे हलवली आणि थांबण्याचा तो जुगाड काढून टाकला. फ्लटर या अ‍ॅप बनवण्याच्या साधनात हाच गोंधळ वेगळ्या रूपात भेटतो. यादी अजून पडद्यावर आलेली नसताना यादी सरकवणाऱ्या कंट्रोलरला ‘जंप-टू’ (थेट उडी) सांगितलं की तो कुठल्याच स्क्रोलला जोडलेला नाही अशी तक्रार येते. आधी तो जोडलाय का हे सांगणारं ‘हॅज-क्लायंट्स’ तपासा आणि काम पडदा रंगून झाल्यावर चालणाऱ्या ‘पोस्ट-फ्रेम-कॉलबॅक’मध्ये ठेवा.

आज्ञा भलत्याच व्ह्यूला, म्हणजे पडद्यावरच्या भलत्याच भागाला, देणं हीही नेहमीची चूक. रिसायकलर-व्ह्यू नेस्टेड-स्क्रोल-व्ह्यू या दुसऱ्या सरकणाऱ्या व्ह्यूच्या पोटात टाकून उंची ‘रॅप-कंटेंट’ (आतल्या मजकुराएवढी) ठेवली, की आतली यादी पूर्ण उंचीने उलगडते. स्क्रोल होतो तो बाहेरचा. आतल्याला कितीही सांगा, तो आधीच स्वतःच्या शून्यावर उभा असतो. बाहेरच्याला सांगा. खरं तर ही मांडणीच मोडा, कारण अशाने नऊशेच्या नऊशे ओळी एकदम तयार होतात आणि रिसायकलिंगला, म्हणजे दिसेनाशा झालेल्या ओळी पुन्हा वापरण्याला, अर्थच उरत नाही. वर मिटणारा अ‍ॅप-बार असेल तर त्यालाही उलगडायला वेगळं ‘सेट-एक्सपांडेड’ सांगावं लागतं.

आयफोनवर ‘वर’ म्हणजे शून्य, हा समज सोडा. कंटेंट-ऑफसेट, म्हणजे यादी किती सरकली तो आकडा, शून्य केला की पहिली ओळ नेव्हिगेशन बारखाली दडते. २०१७च्या आयओएस ११ पासून खरी वरची कड म्हणजे ‘अ‍ॅडजस्टेड-कंटेंट-इनसेट’मधला (बार वगैरेंसाठी सोडलेल्या जागेतला) वरचा आकडा, उणे चिन्हासह. पहिल्या ओळीवर जा म्हणावं, तर टेबलाचं हेडर वरच राहून जातं, आणि यादी रिकामी असेल तर अ‍ॅप सरळ कोसळतं. रिअ‍ॅक्ट नेटिव्ह या अ‍ॅप बनवण्याच्या दुसऱ्या साधनातही रिकाम्या यादीला ओळीच्या क्रमांकाने नेणारा ‘स्क्रोल-टू-इंडेक्स’ एरर देतो. तिथे अंतराने नेणारा ‘स्क्रोल-टू-ऑफसेट’ बरा. आयफोनवर घड्याळाच्या पट्टीवर टिचकी मारूनही यादी वर जात नसेल, तर पडद्यावर ‘स्क्रोल्स-टू-टॉप’ चालू असलेले दोन स्क्रोल-व्ह्यू आहेत का बघा. दोन असले की दोन्ही गप्प बसतात. चोर बहुधा बॅनरची आडवी पट्टी असते. तिचं बंद करा.

आता अ‍ॅनिमेशनचा सोस. अँड्रॉइडचा स्मूथ स्क्रोल मुळात इंचाला २५ मिलिसेकंद या हिशेबाने चालतो. ८० डीपीची (इंचाला १६० डीपी) ओळ म्हणजे अर्धा इंच. सहाशे ओळी चढायच्या तर ३०० इंच, म्हणजे साधारण साडेसात सेकंद. विरारहून चर्चगेटला स्लोने निघाल्यासारखं, एकेक स्टेशन घेत. अंधेरीपर्यंत फास्ट पकडा: आधी पंधराव्या ओळीवर थेट उडी, तिथून शून्यापर्यंत हळुवार. डोळ्यांना प्रवासही दिसतो आणि कोणी खोळंबत नाही.

शेवटची चूक कोडची नाहीच. दर रिफ्रेशला यादी आपणहून वर ओढू नका. माणूस गर्दीत एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने दोनशेव्या नोंदीपर्यंत पोचलेला असतो. नव्या नोंदी आल्याची छोटी पट्टी वर दाखवा, तिला बोट लावलं तरच यादी हलवा. तो आधीच अगदी वर असेल तर पट्टी नको, थेट सरकवा. फिल्टर किंवा क्रम बदलला तर मात्र विचारू नका, वरच न्या.